मार्स वन: एकेरी तिकिटाचा हिशेब

२०१२ च्या मे महिन्यात नेदरलँड्समधल्या मार्स वन नावाच्या एका छोट्या संस्थेने जाहीर केलं, की २०२३ साली आम्ही चार माणसं मंगळावर उतरवू आणि त्यांना परत आणणार नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या न्यायालयाने या उपक्रमाची व्यापारी कंपनी दिवाळखोर ठरवली. मधल्या काळात मंगळाकडे माणसं सोडाच, या संस्थेचं एक चाचणी यानसुद्धा उडालं नाही.

इतकं सपशेल फसलेलं प्रकरण हसून बाजूला टाकता येतं, आणि बहुतेकांनी तसंच केलं. मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला शिकवताना मी मात्र ते सोडत नाही. मंगळावर माणसाने कायमचं राहावं का, यावर आपल्याकडे व्याख्यानं होतात, वादस्पर्धा होतात, एखाद्या वर्षी गणपतीच्या मंडपात देखावाही दिसतो. पण वाद ‘मानवजातीचं भवितव्य’ आणि ‘आधी इथली गरिबी हटवा’ या दोन खुंट्यांभोवती फिरत राहतो. दोन्ही बाजूंचे वक्ते टाळ्या घेऊन घरी जातात. मार्स वनने नकळत एक मोठी सोय करून ठेवली. वस्तीची योजना तिने इतक्या तपशिलाने मांडली, की कुणालातरी कागद-पेन्सिल घेऊन तिचा हिशेब करता यावा. तो हिशेब झाला, आणि त्यातून जे निघालं ते अग्निबाणांविषयी फारसं नव्हतंच.

योजना

संस्थापकांपैकी बास लान्सडोर्प हा पवनऊर्जेच्या क्षेत्रातून आलेला अभियंता. त्याचा मुख्य दावा असा, की मंगळावर जायला नवा शोध लावण्याची गरज नाही. लागणारं तंत्रज्ञान आज आहेच, फक्त ते विकत घेऊन जोडायचं. पहिल्या चौघांचा खर्च ६ अब्ज डॉलर, पुढच्या प्रत्येक चौघांचा ४ अब्ज. पैसे येणार दूरचित्रवाणीच्या हक्कांतून. ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाला एवढा पैसा मिळतो, तर मंगळावरच्या पहिल्या माणसांच्या प्रक्षेपणाला का मिळू नये, हा युक्तिवाद. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ गेरार्ड ट हूफ्ट यांनीही सुरुवातीला पाठिंबा दिला होता.

खर्च इतका कमी दाखवता आला तो परतीचा प्रवास वगळल्यामुळे. मंगळावरून माणसं परत आणायची तर तिथून उडणारा अग्निबाण हवा, त्याचं इंधन हवं, म्हणजे आणखी कित्येक टन वजन तिथे उतरवायला हवं. एकेरी तिकिटात हे सगळंच गळतं. पृथ्वी आणि मंगळ दर २६ महिन्यांनी प्रवासाला सोयीच्या जागी येतात. तेव्हा दर २६ महिन्यांनी नवे चौघे आणि सामान पाठवायचं, वस्ती वाढत जाणार. पाणी मंगळाची माती तापवून काढायचं. त्या पाण्यातून ऑक्सिजन. नायट्रोजन तिथल्या विरळ हवेतून. अन्न फुगवता येणाऱ्या घरांत दिव्याखाली पिकवायचं, त्यासाठी ५० चौरस मीटर शेती पुरेल असा अंदाज.

२०१३ मध्ये अर्ज मागवले. दोन लाखांवर लोकांनी इच्छा दाखवली आणि त्यांत सुमारे १० टक्के भारतीय, अमेरिकेखालोखाल, असं संस्थेने सांगितलं. शुल्क भरून अर्ज पुरा करणारे जेमतेम काही हजारच निघाले, हे पुढे उघड झालं. डिसेंबर २०१३ मध्ये १,०५८ जण निवडले गेले, फेब्रुवारी २०१५ मध्ये १००. त्या शंभरात तिघे भारतीय होते आणि आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या मुलाखती छापल्या. आई-वडिलांना काय वाटतं, लग्नाचं काय, हेच त्यांतले मुख्य प्रश्न. तिथे पंप बिघडला तर काय, असं कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

ऑक्सिजन जास्त झाला म्हणून

२४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं. त्यानंतर आठवड्याभरातच टोरांटोला आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषद भरली, आणि तिथे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या पाच जणांनी मार्स वनच्या योजनेचं विश्लेषण सादर केलं. सिडनी डो, कोकी हो, सॅम्युएल श्रायनर, अँड्र्यू ओवेन्स आणि त्यांचे प्राध्यापक ऑलिव्हिए दे वेक. त्यांनी योजना चूक आहे असं धरून सुरुवात केली नाही. संस्थेने जे जाहीर केलं होतं ते प्रमाण मानलं, जिथे आकडे नव्हते तिथे अंतराळ स्थानकावरच्या यंत्रांचे आकडे घेतले आणि संगणकावर ती वस्ती चालवून पाहिली.

पहिली गोष्ट, चौघांचं पूर्ण पोट भरायला ५० चौरस मीटर पुरत नाहीत, २०० च्या आसपास लागतात. ही दुरुस्ती करून पुढे गेलं तर सुमारे ६८ व्या दिवशी पहिला मृत्यू. कारण? पिकांनी ऑक्सिजन फार तयार केला.

वर्गात इथे हमखास गडबड उडते. ऑक्सिजन कमी पडून माणूस मरतो हे सगळ्यांना पटतं. जास्त होऊन मरतो हे पटत नाही. फळ्यावर मी तो क्रम असा मांडते. बंदिस्त घरात हवेतला ऑक्सिजन वाढत गेला की आगीचा धोका वाढतो. साधी ठिणगीही भारी पडते. म्हणून ऑक्सिजनचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की थोडी हवा बाहेर सोडायची. पण झडप उघडली की नुसता ऑक्सिजन जात नाही, सोबत नायट्रोजनही जातो. घरातला दाब टिकवायला नायट्रोजन टाक्यांमधून भरावा लागतो. पिकं भराला आली की हे रोजचंच होतं आणि टाक्या रिकाम्या होतात. मग दाब उतरतो, आणि ज्या घरात ऑक्सिजन जास्त म्हणून झडप उघडत होतो तिथेच श्वासाला पुरेसा ऑक्सिजन उरत नाही. हवेतून फक्त ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रं पृथ्वीवर रुग्णालयांत आणि कारखान्यांत आहेत. पण अंतराळात चालेल अशा घडणीचं, तपासलेलं यंत्र तेव्हा नव्हतं.

मुळात ऑक्सिजन जास्त का व्हावा? माणूस खातो तेवढंच पीक घेतलं तर जमाखर्च बरोबर जुळायला हवा. माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडाने घ्यायचा, झाडाने सोडलेला ऑक्सिजन माणसाने. एका वर्षी याचं उत्तर पालघरकडच्या एका मुलाने दिलं, घरी भातशेती असलेल्या.

“मॅडम, दाणा आपण खाणार. पेंढ्याचं काय?”

नेमकं तेच. झाड दाण्याबरोबर खोड, पानं, मुळं वाढवतं आणि त्या प्रत्येक ग्रॅमसाठी ऑक्सिजन सोडतं. दाण्याचा हिशेब माणूस खाऊन पुरा करतो. पेंढा कुणी खात नाही, म्हणून त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन हवेत शिल्लक राहतो. शिवाय चौघांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड एवढ्या पिकाला पुरतच नाही, तो बाहेरून सोडावा लागतो. म्हणजे शिल्लक आणखी वाढली.

“मग पेंढा जाळायचा किंवा कुजवायचा,” तो म्हणाला. “ऑक्सिजन त्यात खर्च होईल.”

बरोबर आहे. गाय पाळा, असंही मागून एकजण म्हणाला, त्यावर वर्ग हसला, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेही उत्तरच आहे. जाळायची भट्टी, धूर गाळायची सोय, राखेतून खतं परत काढायचं यंत्र: प्रत्येक उत्तराबरोबर एक नवी वस्तू यादीत चढते. दुसरा मार्ग म्हणजे अन्न पृथ्वीवरूनच न्यायचं. मग ऑक्सिजनचा प्रश्नच उरत नाही, पण दर खेपेला चौघांचं २६ महिन्यांचं रेशन लादावं लागतं.

ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या काचेच्या बंद इमारतीत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली होती. तिथे उलटं झालं. जमिनीतल्या सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन खाल्ला, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड नव्या काँक्रीटने शोषला, आणि ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ च्या खाली गेला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. बाहेर ॲरिझोना होतं म्हणून भरता आला.

सुटे भाग

वृत्तपत्रांनी ६८ दिवसांचा आकडा उचलला. मृत्यू आहे, ठसठशीत आहे, मथळ्यात बसतो. माझ्या मते मात्र त्या अहवालातला सगळ्यांत जड आकडा दुसराच आहे: मंगळावर १३० महिने गेल्यावर, म्हणजे पाच खेपांनंतर, पृथ्वीवरून येणाऱ्या वजनापैकी ६२ टक्के नुसते सुटे भाग असतील. ना माणसं, ना अन्न, ना नवी घरं. पंप, झडपा, गाळण्या, पंखे, सील.

हे का होतं ते समजायला मी एक छोटं गणित घालते. समजा, एक पंप २६ महिन्यांत सरासरी एकदा बिघडतो. किती जादा पंप न्याल? पहिलं उत्तर येतं ‘एक’, सावध मुलं ‘दोन’ म्हणतात. आता समजा, असे जिवावर बेतणारे १०० प्रकारचे भाग आहेत आणि प्रत्येकाचा साठा पुरण्याची शक्यता तुम्ही ९९ टक्के ठेवलीत. सगळेच्या सगळे पुरण्याची शक्यता उरते सुमारे ३७ टक्के. एकूण खात्री ९९ टक्के हवी असेल तर प्रत्येक भागाची खात्री ९९.९९ टक्के लागते. सरासरी एकदाच बिघडणाऱ्या त्या पंपाचे, किती बिघाड होण्याची किती शक्यता हे सांगणाऱ्या पॉइसाँच्या सूत्राने, सहा जादा नग सोबत न्यावे लागतात. एक लागेल, सहा न्यायचे. कारण कुठला भाग दगा देईल ते आधी कळत नाही आणि दुकान २६ महिने लांब आहे.

पुढच्या खेपेला सहा लागत नाहीत, जेवढे वापरले तेवढेच भरायचे, हे मान्य. पण पुढच्या खेपेबरोबर नवे चौघेही येतात, आणि त्यांच्यासोबत यंत्रांचा नवा संच. पहिल्यांचं सामान जुनं होत जातं, नव्यांचं त्यात मिळतं. वस्ती जसजशी मोठी होते तसतशी प्रत्येक अग्निबाणातली मोकळी जागा आटत जाते.

एका मुलीचे वडील कुर्ला कारशेडला फिटर. हे गणित तिने त्यांना घरी सांगितलं. ते म्हणाले, नवी गाडी आणायला मंत्री येतात, ती चालू ठेवायला रात्रपाळी लागते. लोकल धावते ती रोज रात्री कुणीतरी खाली घुसून तपासतो म्हणून आणि रविवारी मेगाब्लॉक घेता येतो म्हणून. कुर्ल्यात भाग नसला तर कळवा किंवा सानपाड्याहून येतो, अगदीच नडलं तर उभ्या असलेल्या गाडीचा काढून लावतात. मग त्यांनी मुलीला एक प्रश्न घालून पाठवलं: तिकडे सगळ्या यंत्रांना एकच पंप का बसवत नाहीत?

प्रश्न फळ्यावर सोडवला. दोन वेगवेगळे पंप, प्रत्येक सरासरी एकदा बिघडणारा: सहा आणि सहा, बारा जादा नग. दोन्ही जागी एकच पंप बसेल असं केलं, तर त्याच खात्रीला नऊ पुरतात. एका जोडीत तीन पंपांचं वजन वाचलं. मार्स वनची अडचण इथे उलटी होती. ‘आहे ते विकत घेऊन जोडू’ म्हणजे इथली एक कंपनी, तिथली दुसरी, प्रत्येकीचा पंप निराळा, प्रत्येकीची झडप निराळी.

हे सगळं आकड्यांचे खेळ वाटू नयेत म्हणून अंतराळ स्थानकावरची दोन उदाहरणं देते. तिथे लघवी शुद्ध करून पिण्याचं पाणी करणारं यंत्र आहे. ते बसवल्यावर वर्षभरातच, २००९ मध्ये, बंद पडलं. भारहीन अवस्थेत माणसाच्या हाडांतलं कॅल्शियम झिजून लघवीत उतरतं. ते पृथ्वीवरच्या चाचण्यांत धरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त निघालं आणि कॅल्शियम सल्फेटचा साका यंत्रात बसला. असा बिघाड कारखान्यात दिसूच शकत नाही, तो माणूस तिथे राहिल्यावरच दिसतो. दुसरं उदाहरण सुनीता विल्यम्स यांच्या प्रवासाचं. मे २०२४ च्या अखेरीस त्याच यंत्रणेतला एक पंप बिघडला. जवळपास ७० किलोचा नवा पंप लगोलग पाठवायचा होता, आणि जाणारं पहिलं वाहन म्हणजे स्टारलायनर. जागा करायला दोघा अंतराळवीरांच्या कपड्यांच्या बॅगा खाली उतरवल्या. ५ जूनला यान उडालं, पंप पोचला. आठवड्याभराचा मुक्काम पुढे नऊ महिन्यांवर गेला हे आपल्याला पाठ आहे. पंपाची गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहिली.

स्थानक आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटरवर आहे. मुंबईहून नागपूर त्याच्या दुपटीने लांब. तिथे पंप आठवड्यात पोचला. मंगळाला जायची वाट उघडी असली तरी सहा-सात महिने लागतात, आणि ती बहुतेक काळ बंदच असते.

आता परत एकेरी तिकिटाकडे. योजनेतली सगळ्यांत हुशार वाटणारी काटकसर हीच होती. परतीचा अग्निबाण वगळला, अब्जावधी वाचले. पण परतीचा खर्च एकदाच येतो. दीड वर्ष राहून परतणाऱ्या चमूला दीड वर्षाचे सुटे भाग लागतात आणि नंतर यंत्रं बंद करून ती माणसं घरी येतात. न परतणाऱ्यांची यंत्रं बंद करता येत नाहीत, ती ४० वर्षं चालवावी लागतात. परतीचं तिकीट रद्द करून वाचवलेला पैसा हप्त्याहप्त्याने सुट्या भागांत जातो, आणि हा हप्ता कधी फिटत नाही.

वाहतुकीचा हिशेबही तसाच घसरला. पहिलं सामान पोचवायला स्पेसएक्स कंपनीचे सहा फाल्कन हेवी अग्निबाण पुरतील असा संस्थेचा अंदाज होता. अभ्यासकांना १५ लागले. माणसांच्या प्रक्षेपणासह हा खर्च ४.५ अब्ज डॉलर, आणि त्यात यंत्रं बनवण्याचा, तपासण्याचा एक पैसाही धरलेला नव्हता. शिवाय फाल्कन हेवी तेव्हा कागदावरच होता, पहिल्यांदा तो उडाला फेब्रुवारी २०१८ मध्ये.

बचाव

मार्स वनने अहवाल फेटाळला. अभ्यासकांकडे पुरती माहिती नव्हती, ऑक्सिजन वेगळा काढण्याचं तंत्र पृथ्वीवर रोज वापरलं जातं, ते मंगळासाठी घडवता येईल, असं लान्सडोर्पचं म्हणणं. सगळं चालू ठेवणं हे मोठं आव्हान आहे, एवढं त्यानेही मान्य केलं. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनला मार्स सोसायटीच्या अधिवेशनात दोन्ही बाजू समोरासमोर आल्या: एकीकडे डो आणि ओवेन्स, दुसरीकडे लान्सडोर्प आणि जीवनाधार यंत्रणा बनवणाऱ्या पॅरॅगॉन कंपनीचे बॅरी फिंगर. मंगळावर जाण्याच्या कट्टर समर्थकांचंच ते व्यासपीठ. तिथे ‘जाऊ नये’ म्हणणारा कुणीच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की या योजनेने, या पैशात, या मुदतीत जमेल का. मला हा वाद आपल्या नेहमीच्या वादांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

बचावातला ऑक्सिजनचा मुद्दा मी मुलांना खोटा म्हणून सांगत नाही. अभ्यासकांनीही ‘अशक्य’ म्हटलं नव्हतं, ‘अजून तयार नाही’ म्हटलं होतं. पण मार्स वनचा सगळा डोलारा ‘नवं काही लागत नाही’ या एका वाक्यावर उभा होता. ते वाक्य गेलं की ६ अब्ज गेले आणि २०२३ ही गेलं. मुदत आधी २०२५, मग २०२७, मग २०३० नंतर अशी सरकत राहिली. 

वर्गात दरवर्षी कुणीतरी मंगळयान काढतं. “मॅडम, आपण ४५० कोटींत गेलो, मग माणसं एवढी महाग का?” अभिमान रास्त आहे, तुलना मात्र चालत नाही. मंगळयानावर १५ किलोची उपकरणं होती, ते कक्षेत फिरलं, उतरलं नाही, परतलं नाही. सहा महिन्यांसाठी बांधलेलं यान साडेसात वर्षं टिकलं आणि एप्रिल २०२२ मध्ये लांबलेल्या ग्रहणाच्या अंधारात त्याचा संपर्क तुटला. उतरणं हा वेगळाच खेळ आहे. मंगळाची हवा यान तापवण्याइतकी दाट आणि छत्रीने थांबवण्याला फार विरळ आहे, पृथ्वीच्या दाबाच्या एक टक्काही नाही. आजवर तिथे उतरवलेली सगळ्यांत जड अमेरिकी बग्गी पर्सिव्हिअरन्स, १,०२५ किलोची. माणसांना हवं असलेलं एकेक घर दहा-वीस टनांचं.

किरणोत्सर्ग, मातीतली पर्क्लोरेटं म्हणजे विषारी क्षार, ३८ टक्के गुरुत्वात वाढणारं मूल, १९६७ च्या अंतराळ करारातला मालकीहक्काचा पेच, यांवर आम्ही एका तासात धावती नजर टाकतो. महत्त्वाचे विषय आहेत, पण मार्स वन तिथपर्यंत पोचलंच नाही.

नंतरची दहा वर्षं

दोन गोष्टी बदलल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सवर मॉक्सी नावाचं एक उपकरण होतं, मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढणारं. २० एप्रिल २०२१ ला त्याने पहिल्यांदा पाचेक ग्रॅम ऑक्सिजन काढला. ऑगस्ट २०२३ पर्यंत १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे हा झाला साडेतीन तासांचा श्वास. आकडा ऐकून वर्ग हसतो, पण मला तो मौल्यवान वाटतो. परग्रहावरच्या कच्च्या मालातून श्वासाचा वायू निघाला, हे प्रत्यक्ष घडलं. आता पुढचा प्रश्न: हेच यंत्र शेकडो पट मोठं करून वर्षानुवर्षं, मंगळाच्या धुळीत, अखंड चालेल का? मॉक्सी अधूनमधून, थोडा थोडा वेळ चाललं होतं.

दुसरा बदल स्टारशिपचा. शंभर टनांवर वजन नेण्यासाठी आणि पुन्हा वापरण्यासाठी आखलेला अग्निबाण, आणि त्यामागे मंगळावर दहा लाखांचं शहर वसवण्याची इलॉन मस्क यांची भाषा. एप्रिल २०२३ पासून त्याच्या पूर्ण चाचण्या सुरू झाल्या. वर्गातले समर्थक म्हणतात, वजन स्वस्त झालं की ६२ टक्के असोत नाहीतर ८२, काय फरक पडतो? हा आक्षेप खरा आहे. १५ फाल्कनचा हिशेब त्याने जुना होऊ शकतो. पण वजन स्वस्त झालं तरी २६ महिने तेवढेच राहतात, आणि २००९ सारखा, कुणालाच न सुचलेला बिघाड झाला तर साठ्यात त्याचा भाग नसतो. तो तिथेच बनवता आला पाहिजे. अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २०१४ मध्ये प्लास्टिकचा पहिला भाग छापला गेला, धातूचा भाग छापायला २०२४ उजाडलं. पंपाचं बेअरिंग, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक पट्टी हे अजून लांब आहे.

वर्गातला निर्णय

शेवटी मी मुलांना एक जागा देते. तुम्ही वस्तीचे नियोजक आहात, पहिले चौघे दोन वर्षं तिथे आहेत. पुढच्या खेपेला एकच मोठं वाहन जाणार. त्यात नवे चौघे पाठवायचे, की माणसांऐवजी छोटं यंत्रशाळेचं सामान आणि कच्चा धातू? तिसरा पर्याय मी मुद्दाम देत नाही, तो कुणी मागितला तर मिळतो: पहिल्या चौघांना परत आणणारं वाहन.

ऑक्सिजनचा भाग शिकवण्याआधी विचारलं की बहुतेक हात नव्या चौघांसाठी वर जातात. वस्ती वाढली पाहिजे, चौघेच किती दिवस एकमेकांची तोंडं बघणार. सुट्या भागांच्या गणितानंतर बहुमत यंत्रशाळेकडे सरकतं. कारशेडवाल्या फिटरच्या मुलीने मात्र नव्या चौघांनाच मत दिलं, आणि तिचं कारण मला खोडता आलं नाही. चौघांपैकी एक आजारी पडला तर रात्रपाळी कोण करणार? यंत्रं चालवायलाही माणसं लागतात, आणि चार माणसांत शेती, डॉक्टरकी, फिटरकी, इलेक्ट्रिशियनकी हे सगळं बसत नाही. म्हणजे माणसं कमी असली तर देखभाल होत नाही, आणि जास्त असली तर देखभालीचं सामान पुरत नाही. या दोहोंच्या मधे किती माणसं, याचं उत्तर एमआयटीच्या त्या अहवालात नाही, कारण तिथे कामाचे तास मोजले नव्हते, किलो मोजले होते.

या वर्षीपासून गृहपाठात मी तासांचा रकाना घातला आहे. प्रत्येक यंत्रापुढे वजन, बिघाडाचं प्रमाण, जादा नग आणि दुरुस्तीला लागणारे माणसाचे तास. परतीच्या वाहनाचा पर्याय अजूनही छापील कागदावर नाही. यंदा तो दोघांनी मागितला.